सेकंडहँड कॅमेऱ्यात भलत्याच बाईचं नाव

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय आणि लगेच लिहितेय.

माझा पहिला सिरियस कॅमेरा घ्यायला आज वर्तकनगरहून कल्याणला गेलेले. ऑनलाइन जाहिरात पाहिलेली. एक बॉडी, दोन लेन्स, सगळं नव्यासारखं. विकणारा माणूस एका हॉटेलात भेटला.

लेन्समध्ये बुरशी आहे का, हे मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं. एकदम स्वच्छ! मग सहज मेनू चाळला, तर कॉपीराइटच्या, म्हणजे मालकाचं नाव भरायच्या जागी एका बाईचं नाव आणि नंबर.

"हे कोण?"

"बहीण आहे माझी. लवकर सांगा ना मॅडम, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

"मग बहिणीशीच बोलते," म्हणत मी तो नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"कॅमेरा द्या इकडे," तो उठलाच. मी कॅमेरा पोटाशी घट्ट धरला.

तेवढ्यात फोन उचलला गेला. मी कॅमेऱ्याचं सांगताच बाई ओरडली, "अगं, माझाय तो! परवा लग्नाच्या हॉलमधून चोरीला गेलाय!"

तो माणूस लेन्स टेबलावर टाकून पळाला.

हॉटेलवाल्या काकांनी मला गल्ल्याजवळ बसवलं आणि पोलिसांना बोलावलं. तासाभरात ती फोनवरची बाई कोलशेतहून आली. लग्नांचे फोटो काढते ती. पोलिसांसमोर तिने आधी मेमरी कार्ड तपासलं. हळदीचे, लग्नाचे सगळे फोटो शाबूत पाहून मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

मी रिकाम्या हाताने घरी आलेय. खरं सांगू? मेनू चाळला नसता, तर मी तो कॅमेरा खुशीत घेऊन आले असते. तुमच्या हातातला सेकंडहँड कॅमेरा आधी कोणाचा होता, माहितीये तुम्हाला?