तिल्कामावशीची दुसरी पेटी

"जाळली गं, चुलीत घातली! एकेक करून! आणि वर त्याच आगीवर बटाटे उकडले!"

ही आमच्या पावाच्या दुकानातली झोफ्का. 'उकडले'वर येऊन ती थांबते, डोळे मिटते आणि ते बटाटे स्वतःच खाल्ल्यासारखी ओठ पुसते. तिल्का ओराझेमने रागाच्या भरात नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं चुलीत घातली, ही गोष्ट आमच्या रिब्नित्साच्या खोऱ्यात इतक्या वेळा फिरली आहे की मागच्या आठवड्यात बटाट्यांसोबत डुकराचं मटणही शिजलं.

खरं म्हणजे चूल नव्हतीच. होळी होती.

उन्हाळ्यात संत यानेझच्या सणाला टेकडीवर मोठी आग पेटवतात आणि त्यासाठी पोरं दारोदार लाकूड मागत फिरतात. त्या वर्षी ती तिल्कामावशीच्या दारातही आली. छपरीत दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या, दोन्ही तुकडे जोडून केलेल्या, दोन्ही बिनरंगाच्या. एकीत लाकडाचे उरलेसुरले तुकडे, दुसरीत लुदविककाकांची हत्यारं. "ही नेऊ का मावशी?" पोरांनी विचारलं. मावशी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "हो हो, तीच."

आमच्याकडे लाकडी चमचे कोरणारा माणूस हत्यारं विकत आणत नाही. छोटे रंधे, वाकड्या सुऱ्या, रेघ मारायचा ठोकळा, सगळं स्वतःचं स्वतः करतो, आपल्या मुठीच्या मापाने. दुसऱ्याची सुरी वापरणं म्हणजे दुसऱ्याची कवळी तोंडात घालणं. काकांनी लग्नाआधीपासून एकेक करत ती पेटी भरली होती.

"झाकण उचलायला दोन बोटं लागतात, पोपटे," मावशी मला सांगते. मी सगळ्यांच्या नकला करते म्हणून मी पोपट. "दोन बोटं! पण नाही उचललं. सकाळीच तो म्हणाला होता, तुझ्या उकडीत गोळे झालेत. म्हटलं, मरू दे त्याचा पसारा, कोण बघतंय."

एवढंच. झोफ्काला हे पुरत नाही, पण मावशीला सात हिवाळे पुरलंय.

कारण काका रागावलेच नाहीत. हा माणूस पूर्वी गावातला पहिल्या नंबरचा कुरकुऱ्या. पाद्रीबाबांच्या प्रवचनात त्यांनी चूक काढली होती, स्वतःच्या लग्नाच्या केकातही काढली होती. आगीनंतर ते राखेकडे बघत एवढंच म्हणाले, "असू दे, तिल्का. होतं असं." आणि तेव्हापासून तेच. सूप करपलं तरी, "छान आहे, तिल्का. धन्यवाद." छप्पर गळलं तरी, "असू दे, तिल्का." भट्टीशेजारच्या बाकावर बसतात, टीव्ही बघतात. चमचा एक नाही कोरला.

"मारलं असतं तर मीही मारलं असतं, विषय संपला असता," मावशी म्हणते. "हे 'धन्यवाद' मला झोपू देत नाही."

राखेतून तिने पाती वेचून ठेवली होती. आगीतून गेलेलं पातं मऊ पडतं, त्याने लोणीसुद्धा धड कापलं जात नाही. ती लोहाराकडे जाऊन बसली आणि शिकून आली. पातं लाल करायचं, तेलात बुडवायचं, मग हलक्या आचेवर वाळल्या गवताच्या रंगावर येईपर्यंत थांबायचं. रंध्यांसाठी मागचं जुनं नासपतीचं झाड पाडलं, फळ्या वाळायला ठेवल्या. आणि काकांच्या मुठीचं माप? ते तिने त्यांच्या फावड्याच्या दांड्यावरून घेतलं. वर्षानुवर्षं धरून दांडा जिथे झिजलाय तिथे बोटंच उमटली आहेत.

मी शाळेतून येताना छपरीत डोकावले की हुकूम सुटायचा, "कर ना गं त्याचं!"

मी एक डोळा मिटायची, नाक रंध्याला लावायची आणि काकांचा जुना आवाज काढायची. "हा रंधा आहे की डुकराचं कुंड? एवढ्या तोंडातून अख्खं झाड जाईल!"

ती हसायची. मग हसू ओसरायचं आणि ती म्हणायची, "जाईल खरं. मोठंच झालंय." आणि तो रंधा बाजूला टाकून दुसरा घ्यायची. कधी मलाच दुरुस्त करायची. "शेवटी 'आणि दार लाव, थंडी येते' म्हणायचा. ते राहिलं तुझं. पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणायची, आणि ती खरंच उठून दार लावायची.

पेटी पुरी झाली ती काकांच्या नावाच्या दिवसाच्या, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाच्या, आदल्या दुपारी. प्रत्येक हत्याराला आपापला खण, झाकण सरकतं, खुळखुळ नाही.

"काय म्हणतील सांगू?" मी म्हटलं. "छान आहे, तिल्का. धन्यवाद."

"नाही म्हणणार. खोट काढेल."

"कशात? एक तरी ठेवलीयस का?"

"एकही नाही. म्हणून तर त्याला शोधावी लागेल. शोधायला हातात घ्यावं लागेल." तिने हात एप्रनला पुसले. "लाव पैज. तू जिंकलीस तर माझ्या आईचा ॲकॉर्डियन तुझा. हरलीस तर नाताळपर्यंत चमचे घासून गुळगुळीत करायचेस."

"कुठले चमचे? काका तर कोरतच नाहीत."

"मग स्वस्तात सुटशील की!"

दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर तिने पेटी ठेवली. काकांनी झाकण सरकवलं. बघितलं. बराच वेळ बघितलं.

"छान आहे, तिल्का. धन्यवाद."

मावशीचा चेहरा असा पडला की ॲकॉर्डियन मला नकोसा झाला. ती उठून सूप आणायला वळली.

काकांनी छोटा रंधा उचलला. तळवा त्यात बसला तसे ते थबकले. खिडकीशी गेले. एक डोळा मिटला.

"ही पाचर कुणी ठोकली? बैलाने?"

मावशी जिथल्या तिथे उभी राहिली.

"पातं एका अंगाला कललंय. हे असं बसवायचं असतं? आणि ही सुरी, एवढी धार! बोट गेलं म्हणजे?" आवाज चढत चालला, आणि मग त्यांनी पेटीवर थाप मारली. "आणि पेटी दुसऱ्याच्या हाती देताना झाकण उघडून बघावं, एवढी अक्कल नाही तुला, तिल्का?"

"नाही बघितलं," मावशी म्हणाली. "रागात होते."

"माहीत आहे मला. उकडीत गोळे होतेच पण."

"होते."

मावशीने डोळ्यांना एप्रन लावला आणि त्याच्याआडून मला म्हणाली, "घासकागद छपरीत आहे, पोपटे. खिळ्याला टांगलाय."

अंधार पडायच्या आत पहिला चमचा माझ्यापुढे आला. काकांना माझं घासणं अजिबात पसंत पडलं नाही.