उपासाच्या खिचडीत सोडियम शून्य

कुणाच्याही बारशाला माईक हातात घेणारा माणूस मी. खाण्याची नोंद ठेवणारं ॲप फोनमध्ये आलं आणि त्यात आपले पदार्थच नाहीत असं दिसलं, तेव्हा मला नवा रंगमंच मिळाला. तिथे कुणीही पदार्थ भरू शकतो. मी आठवडाभरात साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा शिरा असा सगळा फराळ भरून टाकला. साबुदाणा, दाणे, तूप, सगळं काट्यावर तोलून. सोडियमच्या रकान्यात मात्र छाती फुगवून शून्य लिहिलं. उपासाला आपण मीठ खातो कुठे? सैंधव खातो.

लोकांनी त्या नोंदींना धडाधड अंगठे दिले. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या चहाच्या टपरीवर मी ते सगळ्यांना दाखवले. एक मित्र इकडच्या हिंदीत म्हणाला, "भिया, तू तो डॉक्टर निकला." मी वाकून मुजरा केला.

त्याच वर्षी शहराबाहेर राऊला राहणाऱ्या माझ्या ताईचं हृदय अशक्त झालं. मीठ अगदी मोजकं, नाहीतर अंगात पाणी साठेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ॲप तिच्या फोनमध्ये मीच घालून दिलं. मर्यादा ओलांडली की पडद्यावरचं वर्तुळ लाल व्हायचं. वरण-भाजीच्या दिवशी ते दुपारीच लाल. उपासाला दिवसभर हिरवंगार. म्हणून ताईने उपास वाढवले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. भावजी चिडवायचे, "अगं, देवाला तरी सुट्टी दे."

श्रावण संपता संपता तिचे पाय सुजले. मग आडवं झालं की धाप लागू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा फोन चाळला आणि खिचडीत मीठ कोणतं घालता, असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं.

"भाई साहब," ते म्हणाले, "सेंधा नमक भी नमक ही है."

बाहेरच्या बाकावर बसून मी एकेक नोंद दुरुस्त केली. प्रत्येक वेळी पडद्यावर यायचं, सूचना तपासणीसाठी पाठवली आहे. तपासणारे कोण, तर माझ्यासारखेच हौशी लोक. दोन दिवसांनी खिचडीची दुरुस्ती फेटाळली गेली. कुणीतरी कारण दिलं होतं: उपासाला मीठ चालत नाही. इतकं चोख उत्तर मीही दिलं असतं.

त्या दुपारी मी ताईला सांगितलं, ते शून्य माझं होतं. तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"माहीत आहे रे. खाली तुझं नाव असायचं." मास्क लावून तिने दोन श्वास घेतले आणि तो पुन्हा काढला. "खारट तर लागायचीच. म्हटलं, भावाने मोजून लिहिलंय."

ती घरी आली, पण जिना चढू शकली नाही. दिवाळीच्या आधी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय मुळातच थकलेलं होतं, एका खिचडीने काही होत नाही. भला माणूस.

खिचडी एक नव्हती.

शून्य अजून तिथेच आहे. मी पुन्हा पुन्हा दुरुस्ती पाठवतो, आणि प्रत्येक नोंदीखाली लिहितो की ही माझी चूक आहे, माझी बहीण हे पाहून खात होती. परवा एका बाईंनी विचारलं, त्यांच्या सासऱ्यांनाही हृदयाचा त्रास आहे, मग उपासाला काय घालायचं?

मी लिहिलं, काही घालू नका.