प्रोफेसर टॅकेटची घोडी मातीत पळेल का?

ऑरिन टॅकेटला आमच्या रेसकोर्सवर सगळे प्रोफेसर म्हणायचे, आणि त्या बापड्याला वाटायचं, हा मान आहे.

मी वांडा. हेंडरसनच्या रेसकोर्समागे, तबेल्यांच्या रांगेत जी खानावळ आहे ना, ती मी चालवते. पहाटे घोडे फिरवून झाले की मोतद्दार, जॉकी, ट्रेनर, सगळे माझ्याकडेच चरायला येतात. पावासारखी मऊ बिस्किटं नि ग्रेव्ही समोर आली की माणूस बायकोला सांगणार नाही ते बोलून जातो. त्यामुळे मला इथलं सगळं ठाऊक. आणि ऑरिनबद्दलची एक गोष्ट तर त्याला सोडून अख्ख्या तबेल्याला ठाऊक होती. त्याचा अंदाज चुकायचा. कधीमधी नाही, नेमाने.

उन्हाळा लागला की तर विचारूच नका. हिवाळाभर घोडे आमच्याच राज्यात वर फ्लॉरेन्स गावी पळतात, तिथे मेण नि धागे कालवलेली मऊ वाळू असते. तिथून ते आमच्या खऱ्या मातीवर येतात. आता कुठला घोडा मातीत पळेल नि कुठला बसेल, यावरच इथली अर्धी भांडणं होतात. ऑरिन खूर बघायचा, गुडघा किती उचलतो ते बघायचा, बाप कोण, आजी कॅनडाची की कुठली ते उकरून काढायचा, आणि कॉफीत चमचा फिरवत निकाल द्यायचा, "हा मातीत पळायचा नाही." झालं! लोक बशा तशाच टाकून त्याच घोड्यावर पैसे लावायला पळायचे. घोडा पहिला यायचा.

"अपवाद आहे," असं म्हणून ऑरिन दुसरी कॉफी मागायचा. जन्मभर याचे अपवादच पळत होते!

त्याची स्वतःची घोडी एकच, फ्लॉसी. तांबूस रंगाची, हट्टी, आणि खादाड तर इतकी की माझ्या खिडकीतून टोस्ट पळवायची. लर्लीन गेली, म्हणजे ऑरिनची बायको, त्याच वर्षी कुणीतरी टाकून दिलेली ही घोडी त्याने घरी आणली. तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ तिच्याशीच बोलतो. दाताची कवळी टोचते इथपासून देशाचं काय होणार इथपर्यंत. ती ऐकून घेते. एवढं ऐकून घेणारं त्याला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

फ्लॉरेन्सच्या वाळूवर फ्लॉसीने हिवाळा गाजवला. शेवटून पळायची नि शेवटच्या वळणावर सगळ्यांना मागे टाकायची. पण आमच्याकडे जो घोडा पळत नाही त्याला तबेल्यात जागा नाही. आणि तिच्या पायरीच्या घोड्यांना शर्यत एकच, विकाऊ. म्हणजे घोड्याची किंमत आधीच ठरलेली. शर्यतीआधी कोणीही तेवढे पैसे भरून पेटीत चिठ्ठी टाकावी, शर्यत संपली की घोडा त्याचा. मालकाला नाही म्हणता येत नाही.

"वांडा, बादलीभर माती घे नि चल," ऑरिन एक दिवस म्हणाला.

"कशाला?"

"फ्लॉसीच्या तोंडावर मारायला."

"तुझ्या तोंडावर मारते, चालेल?"

पण त्याचं म्हणणं खरं होतं. वाळू खाली बसते, माती उडते. जी घोडी मागून पळते तिला पुढच्यांच्या टापांची सगळी माती तोंडावर खावी लागते. सोसते का नाही, हे बघायचं होतं. मी नेम धरून एक मूठ मारली. फ्लॉसीने माझ्याकडे असं पाहिलं की मला लर्लीनचीच आठवण झाली. दुसऱ्या मुठीला तिने पाठ फिरवली, आणि बादली लाथेसरशी शेजारच्या तबेल्यात.

"बघ," ऑरिन म्हणाला. "हिला माती सोसत नाही. ही मातीत पळायची नाही."

आणि जाईल तिथे हेच सांगत सुटला! प्रामाणिक माणूस, स्वतःच्या घोडीबद्दलही लपवाछपवी नाही. माझ्या खानावळीतही सांगितलं, आणि नेमका कोपऱ्यातल्या टेबलावर ड्वेन कॉबल बसला होता. तीस-चाळीस घोड्यांचा ट्रेनर, दुसऱ्याच्या घोड्यांवर टपलेला. प्रोफेसर नाही म्हणतोय म्हणजे घोडी उडणार, असा हिशोब करून तो मिशीतल्या मिशीत हसत होता. जाताना मला म्हणाला, "वांडा, त्या तांबडीला माझ्या तबेल्यात टोस्ट नाही मिळणार हां."

मी ऑरिनला भांडी घासायच्या जागेत ओढून नेलं.

"कॉबल तुझी घोडी उचलणार आहे."

"वेडा आहे का तो? सगळ्यांना सांगतोय ना मी, ती मातीत..."

"म्हणूनच! अरे, तू नाही म्हणालास की लोक तोच घोडा घेतात. तू कायम चुकतोस, ऑरिन. म्हणून तर सगळे तुझं एवढं मन लावून ऐकतात."

त्याने एक ओली बशी उचलली, पुसली, परत ठेवली. मग म्हणाला, "सगळे?"

"सगळे."

"तू पण?"

खोटं काय बोलायचं आता? "तो नवा फ्रिज दिसतोय ना? तुझ्याच कृपेचा."

त्याने फ्रिजकडे पाहिलं. टोपी घातली आणि निघून गेला. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशीची ग्रेव्ही करपली.

शर्यतीच्या सकाळी खानावळ गच्च भरलेली. ऑरिन आला, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, आणि सरळ खुर्चीवर चढला. म्हातारा पडतोय की काय म्हणून मी खुर्ची धरली.

"ऐका रे!" तो म्हणाला. "फ्लॉसीबद्दल माझं मत बदललंय. तिचे खूर मातीचेच आहेत. आजी मातीवरची. आज ती मातीत पळणार, नुसती पळणार नाही, जिंकणार! माझा शब्द आहे."

हशा काय पिकला म्हणता! टेबलं बडवली लोकांनी. कोणीतरी ओरडलं, "प्रोफेसर बोलले, संपली बिचारी घोडी!" ऑरिनचे कान लाल झाले होते. मी सांगण्याआधी त्याला हा हशा कळला नसता. आता प्रत्येक आवाज कळत होता, आणि तरी तो खाली उतरेना. कॉबलने खिशातून चिठ्ठी काढली, टराटरा फाडली नि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. ते डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कुठे ऑरिन उतरला.

"आता ती शेवटची आली तरी चालेल," माझ्या कानात म्हणाला. "आपली राहील."

मी खानावळ मोतद्दारांवर सोडली आणि त्याच्याबरोबर कठड्याला जाऊन उभी राहिले. त्याने जॉकीला बजावलं होतं, सगळ्यांच्या मागे ठेव, बाहेरून ने, जीव जपून आण. घोडे सुटायची दारं उघडली. शेजारच्या घोड्याच्या टापेखालचं ढेकूळ सुटलं ते थेट फ्लॉसीच्या नाकावर.

बाई गं! जी बिथरली! माझ्या बादलीवर काढला होता तोच राग. जॉकी लगाम खेचतोय, उभा राहतोय, ती कुठली ऐकायला? मातीपासून लांब जायचं म्हणून पळाली ती सगळ्यांना मागे टाकून पुढे. पुढे गेली तर माती उडवायला कोणी नाहीच! मग तिला थांबायचं कारण उरलं नाही. आमच्या रेसकोर्सच्या मधोमध सोयाबीनचं शेत आहे, त्यापलीकडे पाहिलं तर एक तांबडा ठिपका आणि मागे नुसतं रान मोकळं. ऑरिनने टोपीने डोळे झाकले होते.

"काय झालं? पडली का?"

"अरे जिंकतेय, मूर्खा, बघ!"

चिठ्ठीची पेटी रिकामी निघाली. ऑरिन फ्लॉसीच्या मानेला मिठी मारून रडत होता, नाकातोंडाला सगळी माती. "चुकलो गं, वांडा," तो मला म्हणाला, "साफ चुकलो मी!" चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तेवढ्यात कॉबल आला. मागे सगळी खानावळ, कोणी हसत नव्हतं. कॉबलने चक्क डोक्यावरची हॅट काढली. "प्रोफेसर, मानलं तुम्हाला. जिंकेल म्हणालात, जिंकली. उद्याच्या तिसऱ्या शर्यतीत मातीत कोण पळेल?"

ऑरिनने बाहीने नाक पुसलं. "मला यातलं काही कळत नाही रे, ड्वेन," तो म्हणाला. "खरंच काही कळत नाही."

"बघा, किती नम्र माणूस!" कॉबल बाकीच्यांना म्हणाला. ऑरिनने घोडीचा दोर हातात घेतला आणि कवळी आज फार टोचतेय असं तिला सांगत सांगत तो आपल्या तबेल्याकडे निघाला.