दिवे घाटात न दाबलेला ब्रेक

दिवे घाटात मी ब्रेक दाबला असता, तर आजची ही पोस्ट माझ्यावर असती.

आज रशीदचाचांना जाऊन एक वर्ष झालं.

हडपसरला त्यांचं छोटं गॅरेज. ट्रेलर ओढायला मला त्यांनीच शिकवलं. माझा मिडसाइज डिझेल पिकअप, मागे ट्रेलर, आणि बाजूच्या सीटवर चाचा.

त्यांचा एकच रूल. निघायच्या आधी प्रदक्षिणा.
हो, त्यांचाच शब्द!

पिकअपला जोडायचा ट्रेलरचा पुढचा दांडा आधी हाताने उचलून बघायचा. सहज उचलला गेला, तर वजन मागे आहे, म्हणजे रस्त्यावर ट्रेलर झुलणार. सगळं ओके असेल तरच हुक लावायचा, आणि मग फेरी मारत चेन, पट्टे, टायर, सगळ्याला हात लावायचा.

"अहो चाचा, पिकअपला इतका टॉर्क आहे!"
"ओढेल गं. थांबवणार कोण?"

सासवडहून माझी पहिली जीप आणायची होती. मालकाने इंजिन आधीच विकलेलं. खटारा, पण माझी!

चाचा नमाजला गेले. मी सुपर एक्सायटेड. इतर गाड्या चढवतो तशीच जीप तोंड पुढे करून, ट्रेलरच्या चक्रीने दोर ओढत चढवली, हुक लावून मोकळी.
इंजिनच नाही तर पुढे वजन कुठून येणार, हे डोक्यातच आलं नाही.

"प्रदक्षिणा झाली?"
"हो चाचा."

झाली नव्हती.

घाटाच्या उतारावर आरशात ट्रेलर डावीकडे दिसला. मग उजवीकडे. मग स्टिअरिंगच हलायला लागलं. बाजूला दरी.
माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको." आवाज अजिबात चढला नाही. "अ‍ॅक्सिलरेटर सोड. स्टिअरिंग सरळ धर. गिअर आहे तोच राहू दे. इंजिन रोखेल, बघ."

रोखलं. हळूहळू. ब्रेक दाबला असता, तर झुलणाऱ्या ट्रेलरने पिकअपला मागून आडवं ढकललं असतं.

खाली सपाटीवर आम्ही चाकांना दगड लावले, हुक सोडला. चाचांनी दांडा एका हाताने उचलला.

"वा! मंडईतून येताना माझी पिशवी याच्यापेक्षा जड असते."

मी रडायलाच लागले. खोटं बोलले म्हणून सांगितलं.

"कळलं मला. पण मीही नुसतं विचारलं, बघितलं नाही. अर्धी चूक माझी. चल बेटा, जीप उतरव, उलटी चढवू."

माझ्या घरी त्यांनी हे कधीच सांगितलं नाही.
(बाबा, आता वाचलंच असेल. सॉरी.)

त्यानंतर दर वेळी ते माझ्या मागे मागे फेरी मारायचे. गुडघे दुखत असतानासुद्धा.

आज तीच जीप रंगवायला न्यायचीये. नवीन इंजिन बसलंय. बाजूची सीट रिकामी आहे.

सकाळी ट्रेलरला दोन फेऱ्या मारल्या. एक माझी, एक तुमची.
त्याआधी दांडा दोन्ही हातांनी उचलून बघितला. जागचा हलला नाही.

खरंच बघितला, चाचा.

थँक यू. निघते आता.