लाईट न लावता

बहारीनच्या माझ्या व्हिसावर ड्राफ्ट्समन असं लिहिलं होतं. लग्नाचे व्हिडिओ काढून पैसे मिळवायची मुभा त्यात नव्हती. त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी मागे वळून वळून बघत निघायचो. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं.

माझा भागीदार रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, मनामाच्या बाजारात कापड दुकानात सेल्समन. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ. आमचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा, वर हॅलोजनचा दिवा. टॅक्सीत चढवताना आम्ही तो चादरीत गुंडाळायचो. ड्रायव्हरने आरशातून नुसतं पाहिलं तरी मी चादर आणखी ओढून घ्यायचो.

मग बाजारात तळहातावर मावणारा कॅमेरा आला. कमी उजेडात चालणारा, पिशवीत लपणारा. मोठा विकल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. भाईला तो नकोच होता, आणि त्याचं कारण चित्राशी संबंधित नव्हतं. कोकणी घरात बायकांच्या खोलीशी आलो की तो दाराआडून हाक द्यायचा, "लाईट येते." आत ओढण्या सारख्या व्हायच्या. मग मी दिवा लावून उंबऱ्यावरूनच थोडं शूटिंग करायचो. दिवा विझला की आतलं हसणं परत सुरू.

"ह्या खेळण्याला लाईट नाय," भाई म्हणाला. "बायांना कळायचं कसं?"

"तू हाक दे की."

"काय म्हणून देऊ? अंधार येतो म्हणून?"

आम्ही दोघंही हसलो. मी हट्टाने मोठा विकला. खरं सांगायचं तर मला फक्त ती चादर नको होती.

पुढे मनामातल्याच माहूज भागात एका फ्लॅटमध्ये हळद होती. भाई जादा बॅटरी आणायला खाली गेला होता. मी उंबऱ्याशी उभा होतो, चालू कॅमेरा छातीशी. शूटिंग चालू असताना त्याच्या तोंडावर पेटणारा लाल दिवा दिसला की माणसं ताठ होतात, म्हणून त्यावर मी काळी चिकटपट्टी लावलेली. आत नवरीची खाला, म्हणजे मावशी, डोक्यावरची ओढणी कमरेला खोचून स्वतःच्या सासूची नक्कल करत होती: बाजारात मासा उलटासुलटा करून बघणारी, कोळणीला नावं ठेवणारी सासू. बायका हसून लोळत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हाक द्यायला हवी होती. मी दिली नाही.

घरी दोन व्हीसीआर जोडून कॅसेट तयार करताना ते दृश्य परत पाहिलं. खिडकीचा उजेड तिच्या गालावर पडला होता. मोठ्या कॅमेऱ्याने असं चित्र कधी दिलं नव्हतं. कापायला बटणावर ठेवलेलं बोट मी उचललं. भाईला दाखवलंही नाही.

एक प्रत कोकणात, त्या खालाच्या सासरच्या गावी जायची होती. तिथे अख्खी वाडी अशी कॅसेट एकत्र बसून बघते, हे मला ठाऊक होतं. बहारीनमधल्या घरी नवरीकडच्यांनी कॅसेट लावली तेव्हा त्या बाईला कळलं की आपली नक्कल त्यात आलीय. भाईचा ऑफिसात फोन आला. गावची कॅसेट थांबव, ती रडतेय, म्हणाला. मी ती आदल्या दिवशीच मुंबईला निघालेल्या एका माणसाच्या हाती दिली होती.

त्यानंतर टेबलावरचा फोन वाजला की माझी पेन्सिल थांबायची. कॅसेट हरवावी, गावात वीज जावी, काहीही व्हावं, असं मनात यायचं. तिचं काय होईल याची भीती होती, आणि माझं नाव निघेल याची त्याहून जास्त होती.

सासूने कॅसेट पाहिली, चारचौघांत बसून. खालाच्या नवऱ्याने तिला फक्त जायचं तिकीट काढून तिच्या आईकडे पाठवून दिलं. मग भाईच्या जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी आम्हा दोघांना त्याच फ्लॅटमध्ये बोलावलं. मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. बायकांच्या दारात कोण होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी चपलांकडे बघत राहिलो. डोळ्यांपुढे रद्द झालेला व्हिसा, विमानतळ आणि घरी काय सांगायचं ते.

"मी होतो," भाई म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"तू आपला असून?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

जिन्यात मी त्याचा हात धरायला गेलो. त्याने तो हलकेच सोडवून घेतला. "मोठा विकायला नको होता, भाऊ," म्हणाला आणि खाली उतरला.

त्याला नंतर कुणी लग्नाला बोलावलं नाही. कॅमेऱ्यासाठी नाही आणि जेवायलाही नाही. काही महिन्यांत तो गावी परतला. मी नोकरीची मुदत संपेपर्यंत राहिलो. त्या बाईचं पुढे काय झालं, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

त्याच्या गावी अजूनही लोक त्याच्याबद्दल तेच बोलत असतील. म्हणून लिहून ठेवतो. कॅमेरा माझ्या हातात होता, पट्टी मी लावली होती आणि भाई तेव्हा खाली रस्त्यावर होता, बॅटरी आणायला गेलेला.