बसायचं राहिलं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि हे मी कुणालाही सांगते. आईवडिलांची जळगावला पिठाची गिरणी होती. तिथून अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आले ती स्वतःच्या जोरावर. नाचाबिचाशी माझा काही संबंध नव्हता. पाठ धरली म्हणून एका चर्चच्या तळघरातल्या क्लासला गेले, इतकंच.

शिकवणाऱ्या बाई जपानी, सत्तरी ओलांडलेल्या. तरुणपणी अंगाला पांढरा रंग फासून रिकाम्या गोदामांत नाचल्या. त्यांच्या देशात लोकांनी नावं ठेवली, युरोपात डोक्यावर घेतलं. मग अमेरिकेत येऊन त्यांनी स्वतःचा संच उभा केला, तोही मोडला. मी गेले तेव्हा शिकणाऱ्या तिघीचौघी होत्या. पुढे मी एकटीच उरले.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "तोंडाला पांढरं फासायचंच होतं, तर गिरणी काय वाईट होती गं?"

बाई ताल मोजून शिकवत नसत. शब्द द्यायच्या. "पाठीवरून मुंगी चाललीय. कुठे वळायचं ते मुंगी ठरवेल, तू नाही." आणि अंग खरंच वळायचं. प्रत्येकीला वेगळे शब्द; एकीचे दुसरीला चालत नसत. मी रेकॉर्ड करते म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर लोक सगळं फ्रीजमध्ये ठेवता. शब्द शिळे होतात."

त्यांचा शेवटचा नाच त्यांनी माझ्यासाठी रचायला घेतला. एक बाई चालत येते आणि जमिनीवर बसते, एवढाच. नुसतं चालणं बसवण्यात दोन हिवाळे गेले. बसायचं कसं, विचारलं की म्हणायच्या, "त्याचे शब्द अजून आले नाहीत. तुझ्याकडे बघतेय मी."

मग त्यांना स्ट्रोक आला. वाचा गेली, इंग्रजी गेलं, जपानीही गेलं.

नर्सिंग होममध्ये मी त्यांच्या व्हीलचेअरसमोर चालून दाखवलं. मुंगी होती, सगळं होतं. त्यांचे डोळे माझ्या पायांवर होते. शेवटाला आले आणि थांबले. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, घशातून नुसता घोगरा आवाज आला. त्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिल्या. मला बघवेना, म्हणून मी बसले, गिरणीत आई पोत्याला टेकून बसायची तशी.

त्यांनी बोट हलवलं. नाही.

मी उठले, वेगळ्या तऱ्हेने बसले. नाही. पुन्हा. नाही. चूक काय, ते त्यांना दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं. जेवणाची ट्रॉली आली तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. लोक म्हणतात, शेवट तू तुझा कर. पण मग तो त्यांचा नाच राहत नाही. मी अजून कधीतरी घरी चालते, शेवटाला येते आणि उभीच राहते.