वगळलेला डोनर

माझ्या पीएचडीसाठी मला निरोगी माणसांचं रक्त लागायचं. फार नाही, एका वेळी दहा मिली. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांच्यावर अतिनील किरण सोडायचे आणि डीएनएला झालेली इजा त्या किती वेळात दुरुस्त करतात ते मोजायचं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गच्च गुंडाळलेला असतो. ती गुंडाळी एका रसायनानं थोडी सैल केली तर दुरुस्ती लवकर होते का, एवढाच माझा प्रश्न होता. एवढ्याशा प्रश्नात माझी पाच-सहा वर्षं गेली.

त्या रसायनाला खवट तुपासारखा वास यायचा आणि तो ओढणीतून जाता जायचा नाही. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो. बाबा रंगाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांची बनियन भिजवली की पाणी पिवळं व्हायचं. आई आम्हा दोघांचे कपडे वेगळ्या बादलीत घालायची आणि म्हणायची, "एकाला रंग, एकीला वास. या घरात धड माणूस मी एकटीच."

बाबांना माझं काम समजून घ्यायची फार हौस. रविवारी विहारातून आले की चपला काढता काढता विचारायचे, "काय, या आठवड्यात काय तुटलं, काय जोडलं?" एकदा मी त्यांना दुरुस्तीची सगळी प्रक्रिया सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

"म्हणजे पेशीत मेंटेनन्स डिपार्टमेंट असतं."

"असतं."

"आणि शटडाऊन न घेता, चालू प्लँटवर काम करतात?"

"चालूवरच."

"मग आमच्यापेक्षा हुशार आहेत," बाबा म्हणाले.

लॅबमधली मुलं-मुली रक्त द्यायची, पण सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. माझे गाईड म्हणाले, पन्नाशीच्या आसपासची माणसंही हवीत. मी घरी सहज बोलले, तर बाबांनी लगेच बाही वर केली. "माझं घे. आयुष्यात एक सिक लीव्ह घेतलेली नाही मी." ते खरंच होतं.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये आमच्या ओळखीचे एक म्हातारे सिंधी डॉक्टर होते. सकाळी दवाखाना उघडताच आम्ही दोघं गेलो. त्यांनी बाबांच्या दंडाला रबर बांधलं, माझ्या सिरिंजमध्ये रक्त घेतलं आणि बाबांची पिवळी नखं बघत मला विचारलं, "बेटी, फॉर्म पे क्या लिखेगी?"

"नॉर्मल. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी माणूस."

"ये तो कलर प्लँटवाला है. तुमच्या सायन्समध्ये हा नॉर्मल?"

ते हसले. बाबाही हसले. मीही हसले. रक्ताची नळी कापसात गुंडाळून मी रिकाम्या डब्यात ठेवली आणि लॅबला गेले.

किरण सोडण्याआधीच बाबांच्या पेशींमधला डीएनए जागोजागी तुटलेला दिसला. किरणांनंतर बाकीच्यांच्या पेशी काही तासांत सावरत होत्या, बाबांच्या सावरत नव्हत्या. गुंडाळी सैल करूनही फरक पडला नाही. मला वाटलं, रस्त्यात नमुना खराब झाला. महिन्याभरानं पुन्हा रक्त घेतलं. बाबा खुशीत आले होते. पुन्हा तेच.

सरांनी माझ्या वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा अकरा नंबर कोण?"

माझे वडील, असं मी म्हणाले नाही. "रंगाच्या कारखान्यात काम करतात," म्हणाले.

"मग हा कंट्रोल कसा झाला? वगळ."

"पण सर, याचा त्यांच्यासाठी अर्थ काय?"

"एका माणसाच्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. त्यांनी विचारलं तर हेच सांग."

ते चूक बोलले नव्हते. एका माणसाच्या आकड्यावरून मी आजही काही सांगणार नाही. मी पट्टी घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली.

संध्याकाळी बाबा आईला मटार सोलून देत बसले होते. "माझं रक्त कसं निघालं?" त्यांनी विचारलं.

"मस्त. एकदम नॉर्मल."

मी असं का म्हणाले याची पुढे मी स्वतःला बरीच कारणं दिली. त्यांना उगाच घाबरवायचं नव्हतं, आईचा जीव थाऱ्यावर राहिला नसता, वगैरे. खरं तर मला भूक लागली होती, मी दमले होते आणि ते उत्तर सोपं होतं. बाबांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं की त्यांचं रक्त रिसर्चला लागलं आणि पास झालं.

पुढे आम्ही बदलापूरला खरवईत नवीन बिल्डिंगमध्ये राहायला गेलो. माझं प्रबंधाचं लिखाण सुरू होतं. एका सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून बाबांचा लेंगा दाखवला. त्यावर रक्ताचे डाग होते.

मी बाबांना विचारलं, "कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. अगं, आमच्याकडे लघवीला रंग असतोच. प्लँटवर लाल चालू असला की लाल, पिवळा असला की पिवळा. कोण बघत बसतो?"

"पण दोन महिने झाले, तुम्ही प्लँटवर नाही, स्टोअरला आहात."

"हां. तेव्हा मग जरा शंका आली."

"मग डॉक्टरला का नाही दाखवलं?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तू तपासलं होतंस ना रक्त? नॉर्मल म्हणालीस. एवढ्या मोठ्या मशीनवर बघितलेलं, मग आणखी कोणाला दाखवायचं?"

मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. रंगाच्या कारखान्यातल्या लोकांना तो जास्त होतो, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पण तो आधीच बाहेर पसरला होता. घरी आणल्यावर बाबा दुपारचे गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तिथेच एक दिवस मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"आजार माहीत नव्हता, बाबा. पेशी दुखावल्यात एवढंच दिसलं होतं."

"आणि सांगितलं असतंस तर?"

"कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित तुम्ही लघवी तपासून घेतली असती."

ते म्हणाले, "नोकरी तर मी सोडली नसती. तुझं शिक्षण चालू होतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण मला कळायला पाहिजे होतं. माझं होतं ते."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईला वाटलं, दुखत असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली.

"तो आकडा खोडलास का?"

"रेघ मारली. दिसतो अजून."

"मग पुस्तकात लिही. वगळू नको मला."

मी सरांकडे गेले आणि डोनर अकरा माझे वडील आहेत हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुख्य तक्त्यात नाही घालता येणार," ते म्हणाले, "परिशिष्टात स्वतंत्र घाल."

मी ते पान टाइप करून घरी नेलं आणि बाबांना मराठीत वाचून दाखवलं. पुरुष, रंगाच्या कारखान्यातील कामगार, सरासरीत धरलेला नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"कामगार नको. फिटर लिही."

मी फिटर लिहिलं. प्रबंध बांधून आला तेव्हा बाबा नव्हते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कारखान्यातले चार जण आले होते. जेवणं झाल्यावर त्यांच्यातला एक जण माझ्याजवळ आला. "ताई, आमचं पण रक्त बघा ना. सायबांना काय बोलणार नाय आम्ही."

मी म्हणाले, "माझ्या तपासणीनं तुम्हाला काही कळणार नाही. लघवी तपासून घ्या, दर सहा महिन्यांनी. आणि कुठल्या प्लँटवर काम करता ते डॉक्टरला सांगा."

"आणि नॉर्मल आलं नाय तर?"

"तर लवकर कळेल."

त्यांतले दोघं तपासणीला गेले. एकाचं काही निघालं नाही. दुसऱ्याचं निघालं, पण गाठ लहान होती, काढता आली. तो कामावर रुजू झाल्यावर त्याची बायको पेढे घेऊन घरी आली. तिनं माझे हात धरले आणि रडायला लागली. आईनंच तिला आत नेलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्या माणसासाठी मला मनापासून आनंद व्हायला हवा होता. तो व्हावा म्हणून मी बराच वेळ प्रयत्न करत राहिले.